फोनचा मंगळवार

बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या त्या घरात रिकामा प्लग एकच होता, आणि तो देवघराच्या कट्ट्यापाशी होता. म्हणून मोबाइल फोनचा चार्जर तिथेच ठेवावा लागला. डाव्या बाजूला समई, मधे देवीची तसबीर, उजव्या बाजूला चार्जर. संध्याकाळी अक्का दिवा लावायच्या आणि मी पुस्तक घेऊन समोर बसायची, तेव्हा त्या अंधुक खोलीत दोन दिवे दिसायचे. एक पिवळा, हलणारा. दुसरा लाल, मुगाच्या दाण्याएवढा, अगदी स्थिर. फोन पुरता भरला की तो हिरवा व्हायचा. पेंगता पेंगता मला कधी वाटायचं की लाल दिवाही हलतो आहे. कधी वाटायचं, तो खूप लांबच्या टेकडीवर आहे आणि तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच अभ्यास करत बसलं आहे.

आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सांगते आहे ते पहिल्या वर्षातलं. लिहावं की नाही असं पुष्कळ दिवस मनात चाललं होतं, कारण यात माझी चूक आहे, आणि ती मी हुशारी समजून केली होती.

आमचं गाव निपाणीजवळ. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरी विड्या वळते. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बॅटरी म्हणजे आमच्याकडे ट्रान्झिस्टरचे सेल. सेल उतरले की वडील ते काढून कौलांवर उन्हात मांडायचे आणि मधेच शिडीवर चढून पापडासारखे उलटायचे. संध्याकाळी बातम्यांचा आवाज थोडा मोठा यायचा. निदान आम्हा सगळ्यांना तसा वाटायचा. दुपारचं ऊन सेलात शिरलं आणि आता तेच बोलतं आहे, असं मी लहानपणी धरून चालले होते.

अक्का म्हणजे वडिलांची चुलत बहीण. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या सासरचं घराणं चार पिढ्या या गावात आहे. घरात मराठी बोलतात, पण भाजीत कढीपत्ता पडावा तसे त्यात ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ पडलेले असतात. स्वल्प म्हणजे थोडंसं, सरी म्हणजे बरं. त्यांच्या यजमानांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णा म्हणते. चिकपेटेजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे. मी पहिल्या दिवशी बॅग ठेवली आणि “पाय धुऊन येतो,” म्हणाले, तेव्हा अण्णा मोठ्याने हसले होते. आमच्याकडे मुलीही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात.

“अगं, तुझ्या भावानं मुलगी पाठवली की मुलगा?” त्यांनी अक्कांना विचारलं.

त्यांची स्वतःची मुलगी, जिला मी ताई म्हणते, सोलापूरला दिलेली. त्या वर्षी तिला दिवस गेले होते.

मोबाइल अण्णांनी दुकानासाठी घेतला होता. धुण्याच्या साबणाच्या वडीएवढा, काळा, डोक्यावर आखूड एरियल. पण तो दुकानात फार दिवस राहिला नाही, कारण एकाच महिन्यात तीन गोष्टी झाल्या. आमच्या गल्लीत पाण्याचे नळ टाकायला रस्ता खणला आणि फोनची केबल तुटली, त्यामुळे गल्लीतले सगळे फोन मुके झाले. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, त्याच्या आत हिरवं फडकं, वाकायचं नाही, प्रवास करायचा नाही. आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी ताईला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. अक्कांनी त्यासाठी जुन्या सुती साड्या धुऊन, मऊ करून, दुपटी शिवून ठेवली होती. आता ताई इकडे येऊ शकत नव्हती आणि अक्का तिकडे जाऊ शकत नव्हत्या. मग अक्कांनी मोबाइलवरून तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. मी तिथेच उभी होते.

“आत नेतील तेव्हा माझा आवाज ऐकूनच जायचं. कळलं? डॉक्टर काही म्हणू देत. थांबा म्हणायचं, आईशी बोलते म्हणायचं.”

त्या दिवसापासून फोन घरी राहिला. येणाऱ्या फोनलाही तेव्हा पैसे पडायचे, म्हणून एक पद्धत ठरली. रोज दुपारी चार वाजता ताईचे यजमान सोलापूरहून फोन लावणार आणि एक रिंग झाली की ठेवून देणार. एक रिंग म्हणजे सगळं बरं आहे, उचलू नका. रिंग थांबली नाही तर उचला.

चार वाजायच्या आधी घर कसं व्हायचं ते मला नीट सांगता येणार नाही. अक्का कॉटवर बसलेल्या, पदर सावरून, कुणी पाहुणा येणार असल्यासारख्या. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षाची पानं मिटायच्या बेतात. खणलेल्या मातीचा ओला वास. मग तो एक ‘ट्रिंग’. आणि नंतरची शांतता, जिच्यात सोलापूर आणि बनशंकरी दोन्ही बसलेली असायची. अक्का म्हणायच्या, “झालं. चहा ठेव.”

फोन सांभाळणं माझ्याकडे आलं, कारण अक्कांना त्याची काच दिसत नव्हती. बॅटरी किती उरली ते काचेच्या कडेला चार छोट्या रेघांनी कळायचं. आम्ही त्यांना काड्या म्हणत असू.

“किती काड्या ग?”

“तीन, अक्का.”

“तीनच? सकाळी चार होत्या की. लाव, लाव.”

फोनबरोबर एक पुस्तिका आली होती. त्यात दहाबारा भाषा होत्या, पण ना मराठी, ना कन्नड. इंग्रजी वाचणारी मीच. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि ऐंशी पानी वहीत सगळं मराठीत उतरवून काढलं. पहिल्या वेळी चौदा तास चार्ज करणे. ओल्या हाताने टोके न पुसणे. फार उन्हात न ठेवणे. आणि एक असं, की ही बॅटरी अधूनमधून पूर्ण रिकामी होऊ द्यावी आणि मगच भरावी, नाहीतर तिची ताकद कमी होते. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सरांनी पण हेच सांगितलं होतं. मी उभं राहून प्रश्न विचारला होता, वर्षातला माझा पहिलाच, आणि सर म्हणाले होते, “चांगला प्रश्न.” ते दोन शब्द मी बसमध्ये घरापर्यंत जपून आणले.

अक्कांची रीत उलटी होती. एक काडी कमी झाली की लाव. नवरात्रात अखंड दिवा असतो, त्यात तेल संपायच्या आधी तेल घालतात, संपू देत नाहीत. त्याच हिशोबाने त्या फोन बघायच्या. मला ते चुकीचं दिसत होतं. एका रात्री जेवताना मी धीर केला.

“अक्का, बॅटरीला सवय लागते. अर्धी असतानाच सारखी भरली की तिला तेवढीच भूक राहते. मग ती अर्ध्यातच संपते.”

अक्कांचा घास हातात थांबला. “म्हणजे दिवसभर चरणाऱ्याला जेवण जात नाही, तसं?”

“अगदी तसंच.”

“मग तिला उपास करायला लाव. माझा मंगळवार असतो, तिचाही मंगळवार. सरी?”

हात धुता धुता अण्णा म्हणाले, “आणि उपास सोडायला काय करणार, शिरा?”

“तुम्ही गप्प बसा. शिकलेली मुलगी सांगते आहे.”

अण्णा आत आले, टॉवेलला हात पुसत. “शिकलेल्या मुलीला एक विचारतो. ताईचे दिवस भरत आलेत. तोवर राहू दे की हा उपास.”

मला अजून आठवतं, मी किती पटकन उत्तर दिलं. मी एरवी कुणालाच पटकन उत्तर देत नाही. “अजून वेळ आहे, अण्णा. आणि बाराला लावला की चारच्या आत पुरेसा भरतो. मी बघतो.”

“बघ बाई. तू कॉलेजबाई.”

असे तीन मंगळवार गेले. सोमवारी मी फोन चार्जरवरून उतरवायची, मंगळवारी दुपारपर्यंत तो संपायला हवा. मंगळवारी आमचं कॉलेज सकाळचंच असायचं. घरी येऊन बघितलं आणि एखादी काडी उरलेली असली, तर मी जिन्याखालच्या अंधारात बसून उगीच बटणं दाबत राहायची. बटण दाबलं की काचेमागे हिरवा उजेड यायचा, थोडा वेळ राहायचा, विझायचा. पुन्हा दाबायचं. तळ्याच्या तळाशी बसून वर बघावं तसा तो उजेड होता. मी आमचं घर बघायची त्यात, कौलांवरचे सेल, आईचे तंबाखूने पिवळे झालेले अंगठे. मग फोन तीन उतरते सूर काढून बंद व्हायचा. कॉटवरून अक्का ओरडायच्या, “लागला ग उपास तिला! घाल जेवायला!” आणि आम्ही दोघी हसायचो.

चौथ्या मंगळवारी पण असंच झालं. पावणेबारा वाजता तीन सूर वाजले. मी चार्जरवर फोन बसवला, बटण दाबलं, लाल दिवा लागला. पाच मिनिटांनी तो गेला. मी फोन काढून परत बसवला. नाही. मग लक्षात आलं की वरचा पंखाही थांबला आहे.

“करंट गेलं,” अक्का म्हणाल्या. “येईल.”

एक वाजला. शेजारच्या मामी सांगून गेल्या की लाइनचं काम आहे, संध्याकाळपर्यंत येणार नाही. दीड वाजला. शेवटी अक्कांनीच विचारलं, “गावाकडे सेल उन्हात ठेवायचा ना तुझा बाप?”

“ते वेगळे सेल असतात, अक्का.”

“असतील. ऊन तेच आहे की.”

पुस्तिकेतलं ‘फार उन्हात न ठेवणे’ मला पाठ होतं. तरी मी फोनच्या पाठीवरची बॅटरी काढली आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. पाव तासाने जाऊन उलटली. हात आपोआप वडिलांसारखा वळला. परत बसवून बघितलं. काच काळीच. मी मनाशी म्हणत होते, रोजच्यासारखी एक रिंग असणार. ती नाही ऐकू आली तरी काय बिघडतं.

मंगळवारी राहुकाळ तीन ते साडेचार. त्या वेळात देवीच्या देवळात बायका लिंबाचे दिवे लावतात. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून साल उलटी करायची, त्या वाटीत तेल-वात. अक्का वर्षानुवर्षं जायच्या, पण ऑपरेशननंतर डोळ्यांना धूर नको म्हणून त्यांच्या जागी मी जायची. त्या दिवशी अडीच वाजता त्यांनी लिंबांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “फोन पण घेऊन जा. देवळात जनरेटर असतो. माइकवाल्याला विचार. चारच्या आत घेऊन ये.”

मी चार्जर काढून पिशवीत लिंबांवर ठेवला.

देवळात गर्दी होती. शेकडो लिंबांच्या वाट्या पेटलेल्या, दुपारच्या उन्हात ज्योती दिसत नव्हत्या, फक्त वरची हवा पाण्यासारखी हलत होती. तिच्यातून पलीकडच्या बायकांचे चेहरे हलताना दिसत होते. जनरेटर मागे घुरघुरत होता. माइकवाला एका टेबलाशी बसून हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होता. मी शाळेतलं कन्नड जमवून विचारलं, एवढं स्वल्प चार्जिंगला लावू का.

त्याने फोन बघितला, मग मला. “हे देवीचं करंट आहे, बाई.”

“एकाच फोनसाठी. घरी बाळंतपणाची वाट बघत आहेत.”

“तुझं?”

“नाही, नाही!”

तो हसला. पण प्लग एकच मोकळा होता आणि त्यात आरतीच्या घोषणेआधी त्याला टेप लावायची होती. टेप संपेपर्यंत थांब म्हणाला. मी तोवर दिवा लावला. वात नीट बसेना. टेप संपली तेव्हा पावणेचार झाले होते. लाल दिवा लागला. चारला पाच कमी असताना मी फोन चालू केला. एक काडी.

आता हे लगेच काढावं की आणखी थोडं राहू द्यावं? मी ठरवू शकले नाही. माझं असंच होतं. उभी राहिले, वायर हातात धरून, आणि तसेच चार वाजले.

ट्रिंग.

मी श्वास सोडला. आणि दुसरी रिंग झाली. मग तिसरी.

“हॅलो? ताई?”

“आई कुठाय?”

“अक्का घरी आहेत. मी देवळात आहे.”

“फोन देवळात काय करतोय ग?” तिचा आवाज हसल्यासारखा होता, पण हसणं नव्हतं ते. “ऐक. बाळाचे ठोके कमी येताहेत. ऑपरेशन करणार आहेत. अण्णांना दुकानात कळवलंय ह्यांनी. मला आईशी बोलायचंय. मी तिला कबूल केलंय.”

“किती वेळ आहे?”

“सिस्टर म्हणतात साडेचारला नेऊ.”

“सव्वाचारला परत कर. सव्वाचारला. मी पोचतो.”

मी फोन बंद केला, म्हणजे ती काडी तरी टिकेल. माइकवाल्याने काही न विचारता चार्जर काढून माझ्या पिशवीत टाकला. रस्त्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला मी फक्त “बेगा, बेगा,” लवकर, लवकर, एवढंच म्हणत राहिले. तो म्हणाला, “बेगाच आहे अम्मा, रस्ता कुठाय?” गल्लीच्या तोंडाशी त्याने सोडलं, पुढे खणलेलं. खड्ड्यांवर फळ्या टाकलेल्या होत्या. त्या फळ्यांवरून मी पळाले. फोन ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता, जसा दिवा वाऱ्यातून नेतात. तेव्हाचं मला काहीच ऐकू आलेलं आठवत नाही. ना जनरेटर, ना गाड्या. सगळं लांबून, काचेपलीकडून चाललं होतं, आणि मी त्यातून हळू हळू जात होते असं वाटतं, जरी पळत होते तरी.

“अक्का,” मी दारातून म्हणाले, “ताईचा फोन येतोय. ऑपरेशन आहे. सव्वाचारला.”

त्यांनी केस मागे घेतले, पदर सावरला आणि हात पुढे केला. मी फोन चालू केला. काडी दिसली, गेली, परत दिसली. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि बोट धरून हिरव्या बटणावर ठेवलं.

रिंग झाली. त्यांनी स्वतः दाबलं.

“बोल ग. हो, मीच. ... नाही, घाबरायचं नाही. ऐक आधी. केस बांधलेस का? एक वेणी नको. दोन घाल. उताणं निजवतात, मधली वेणी टोचते.”

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले होते. फोनची काच त्यांच्या गालाच्या बाजूला होती, मला कडेने दिसत होती. “टोचते” म्हणाल्या आणि काच विझली. हिरवं गेलं, काड्या गेल्या, नुसती काळी काच राहिली. बंद होतानाचे सूरही मला ऐकू आले नाहीत.

अक्का बोलत होत्या.

“तुझ्या वेळी मी पण अशीच आत गेले. तुझी आजी बाहेर होती, मी एकटी. खिडकीतून एक झाड दिसत होतं, त्याची पानं मोजत बसले. मोजणं चुकलं की पहिल्यापासून. तू पण काहीतरी मोज. टेबलावरचे दिवे मोज.”

मी तोंड उघडलं. अक्का, फोन गेला, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना काच दिसत नव्हती. चष्मा काळा, आत हिरवं फडकं. आधी वाटलं, सांगायलाच हवं. मग वाटलं, सांगून काय होणार. घरात करंट नाही. दुसरा फोन नाही. वेळ सव्वाचार. आणि हे सगळं माझ्यामुळे. मी गप्प बसले.

“मुलगी झाली तर तिला माझी आरतीची घंटी देईन. मुलगा झाला तरी तीच देईन, वाजवू दे. दुपटी सगळी तयार आहेत. निळ्या काठाचं आधी वापर, ते जास्त मऊ आहे. थंडी वाजेल तुला, नंतर. वाजते. घाबरू नको, ती जाते. ... जा आता. मी इथेच आहे. फोन ठेवत नाही, तू जा.”

त्यांनी फोन कानालाच धरून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षाची पानं मिटत होती आणि खोलीत ऊन जमिनीवरून भिंतीवर चढत होतं. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला, उलटा, काच खाली. म्हणाल्या, “चहा ठेव.”

करंट सहाला आला. सातला अण्णा आले, पेढे घेऊन. दुकानातल्या फोनवर निरोप आला होता. मुलगी, दोघी ठीक. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर अण्णा अक्कांना विचारत होते, “तुझं बोलणं झालं ना तिच्याशी?” आणि अक्का म्हणाल्या, “झालं की. भरपूर.”

त्या आठवड्यात मी पुस्तिका पुन्हा काढली. तिच्यात ‘अधूनमधून’ असंच होतं. मी वहीतही ‘अधूनमधून’ असंच उतरवलं होतं. चुकीचं वाचलं नव्हतं. मीच त्याचा दर मंगळवार करून टाकला होता, कारण घरात एक नियम माझ्या नावाचा आहे हे मला फार आवडलं होतं.

दीड महिन्याने अक्कांचं हिरवं फडकं निघालं. त्या सगळ्यात आधी माझा चेहरा बघायला म्हणून मला खिडकीशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “वाळलीस.” तेव्हा मला राहवलं नाही.

“अक्का, त्या दिवशी फोन मधेच बंद पडला होता. तुम्ही वेणीचं बोललात तेव्हाच. मी सांगितलं नाही.”

त्या माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होत्या. इतक्या दिवसांनी झाड दिसत होतं त्यांना.

“ते तीन सूर माझ्या कानातच वाजले ग,” त्या म्हणाल्या. “मला नाही कळणार?”

“मग तुम्ही बोलत का राहिलात?”

“थांबले असते तर तू रडली असतीस. मग तुला कोण सांभाळणार, मला दिसत होतं का काही?” मग म्हणाल्या, “आणि माझं बोलून व्हायचं होतं. ऐकायला तू होतीस ना.”

त्यांनी माझी पाठ थोपटली आणि विषय बदलला.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ताई आली. एका दुपारी ती पाळण्याची दोरी ओढत होती, तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी किती ऐकू आलं.

“दोन वेण्या घाल, टोचते,” ती म्हणाली. “मग आवाज गेला. सिस्टर म्हणाल्या चला. मी म्हटलं थांबा, आई म्हणतेय दोन वेण्या. त्यांनीच घातल्या, चिडत चिडत. एक वर, एक खाली झाली होती.”

फोनचं मंगळवारचं व्रत त्या दिवसापासून सुटलं. अक्कांचा मंगळवार चालू आहे. आता फोनला दुसरी बॅटरी आहे, केबल जोडली गेली, घरचा फोनही वाजतो. तरी संध्याकाळी समई लावली की अक्का मोबाइल उचलतात, डोळ्यांजवळ धरून स्वतःच काड्या मोजतात आणि तीन असल्या तरी चार्जरवर ठेवतात. त्याने बॅटरीची ताकद कमी होते, हे मला अजूनही माहीत आहे. मी पुस्तक उघडते आणि दोन्ही दिव्यांसमोर बसते.